अपघातात जखमी झालात, तर विम्याचे पैसे कसे मागायचे: कॅज्युअल्टीपासून निकालापर्यंत

“हे खरं आहे ना, की तुम्ही स्वतःच गाडीवरून घसरून पडलात? टेम्पोचा काही संबंधच नव्हता?”

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात आमच्या थोरल्या मामांना हे विचारलं, तेव्हा अपघाताला दीड वर्ष होऊन गेलं होतं. जून २०२२ मध्ये बारामती-फलटण रस्त्यावर दुधाच्या टेम्पोने त्यांच्या मोटारसायकलला बाजूने घासलं होतं. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घालावा लागला. मामा म्हणाले, “नाही, खोटं आहे.” मग वकिलांनी हॉस्पिटलचा कागद पुढे केला. कॅज्युअल्टीतल्या रजिस्टरमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: गाडीवरून पडून दुखापत.

हे लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. शेजारच्या मळ्यातल्या पोराने मामांना उचलून दवाखान्यात नेलं होतं. पोलिसांचं झेंगट नको म्हणून त्याने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना “गाडीवरून पडले” एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहिलं. त्या तीन शब्दांनी पुढे आमचे आठ-नऊ महिने खाल्ले.

तेव्हापासून नात्यागोत्यात आणि गावात कुणाचा अपघात झाला की फोन मला येतो. मी वकील नाही, पण ही फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मीच सांभाळली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दावा कोर्टात उभा राहतो, पण तो जिंकायचा किंवा हरायचा हे पहिल्या आठ दिवसांत दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात जे कागद तयार होतात त्यावर ठरतं.

आधी हे ठरवा: पैसे कुणाकडून मागायचे?

बहुतेकांच्या डोक्यात “विमा” म्हणजे एकच गोष्ट असते. प्रत्यक्षात चार-पाच खिसे असतात आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा असतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा. यातला पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरे म्हणजे रस्त्यावरचे तुम्ही-आम्ही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा जवळजवळ प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. दुसऱ्याच्या चुकीने तुम्ही जखमी झालात, तर भरपाई त्या गाडीचा विमा देतो, तुमच्या गाडीचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण निम्मे लोक आधी स्वतःच्या एजंटला फोन लावतात आणि तो “आपल्याकडून काही मिळणार नाही” म्हणाला की विषय सोडून देतात.

दुसरा खिसा तुमच्याच पॉलिसीतला. मालक-चालकासाठी १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात कवच त्यात असतं. नाव मोठं असलं तरी ते साध्या फ्रॅक्चरला उपयोगी नाही. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, हात-पाय किंवा डोळा गमावणं एवढ्यालाच ते लागू होतं. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर रकमेच्या निम्मे मिळतात. गाडी तुमच्या नावावर हवी, चालवत तुम्ही असायला हवेत आणि लायसन्स चालू हवं.

आता इथली एक खोच बघा. तुम्ही स्वतःच्या चुकीने झाडावर आदळलात, तर थर्ड पार्टीतून तुम्हाला काही मिळत नाही. मित्राची गाडी मागून आणली आणि घसरलात, तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने अशा उसनी गाडी घेणाऱ्याला मालकाच्याच जागी धरलं आहे. मागे बसलेल्याचं काय? गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल, तर मागे बसलेला त्यात येत नाही. पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तर येतो. विमा घेताना दोन-तीन हजार वाचवणाऱ्यांनी हे एकदा घरी बायकोसमोर मोठ्याने वाचावं.

एसटी बसमध्ये जखमी झालात, तर बहुधा विमा कंपनी मध्ये नसतेच. दावा थेट महामंडळावर होतो.

तिसरा खिसा मेडिक्लेमचा. नवीन पॉलिसीतला पहिल्या तीस दिवसांचा प्रतीक्षा कालावधी अपघाताला लागू होत नाही. कंपनीला लगेच कळवा. बहुतेक पॉलिसींत तातडीच्या भरतीसाठी २४ तासांची अट असते.

आणि मग ते छोटे खिसे, जे कुणाला आठवतच नाहीत. पासबुक काढून मे-जूनच्या नोंदी बघा. २० रुपये कापले गेले असतील, तर तुमची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे. एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर १ लाख, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व असेल तर २ लाख. दावा बँकेतच करायचा. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यातही आकडे साधारण हेच आहेत, आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय घरातली आणखी एक व्यक्ती त्यात येते. दोन्हीकडे मुदत ३० दिवसांची आहे, आणि जखमी माणूस अजून पलंगावर असतानाच ती संपून जाते. म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवून टाका.

पहिला दिवस: दवाखाना

११२ वर फोन करा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा खर्च नेमलेल्या रुग्णालयात त्यातून होऊ शकतो. चूक कुणाची, विमा आहे का, हे त्यासाठी बघितलं जात नाही. सगळीकडे ती सारखी चालते असं मी म्हणणार नाही, पण काउंटरवर नाव घेऊन विचारायला काही जात नाही.

कॅज्युअल्टीत नोंद होताना जवळचं कुणीतरी तिथे उभं राहा. डॉक्टर “काय झालं?” विचारतात आणि त्याचं उत्तर ‘हिस्ट्री’ म्हणून लिहितात. तिथे तीन गोष्टी यायला हव्यात: वाहनाची धडक, कसलं वाहन होतं, आणि वेळ-ठिकाण. नंबर माहीत असेल तर तोही सांगा. नसेल तर “अनोळखी टेम्पोने धडक दिली” असं सांगा, पण “पडले” म्हणू नका. ही नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून झाली का, तेही विचारा. एमएलसी झाली की हॉस्पिटलकडून पोलिसांना वर्दी जाते आणि पोलीस जबाबाला येतात.

मदत करणाऱ्यालाही समजावून सांगा, की कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे त्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता देण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती नाही. आमच्या मळ्यातल्या पोराला हे माहीत असतं, तर तो खरं तेच बोलला असता.

दुखणारा प्रत्येक भाग तपासताना सांगा. पाय मोडलेला असतो तेव्हा खांद्याकडे लक्ष जात नाही. तीन आठवड्यांनी खांदा उचलेनासा झाला, की कंपनी म्हणते, पहिल्या कागदात खांदा कुठे आहे?

पोलीस ठाणे

फिर्याद लवकर द्या. जखमी माणूस शुद्धीत नसेल, तर नातेवाईक किंवा पाहिलेला कुणीही देऊ शकतो. मामांची फिर्याद नवव्या दिवशी झाली, कारण “आधी ऑपरेशन होऊ दे” असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. उशिराने दावा मरत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या: ‘उपचार चालू असल्याने’. नंतर तोंडी सांगितलेल्या कारणाला वजन राहत नाही.

फिर्यादीवर सही करण्याआधी ती वाचा. वाचता येत नसेल, तर वाचून घ्या. गाडीचा नंबर, दिशा, कोण कुठल्या बाजूला होतं, वेळ, हे सगळं तपासा. एमएच-४२ चं एमएच-१२ झालं, की नंतर एका अंकासाठी पुरवणी जबाब द्यायला फेऱ्या मारायच्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मागून घ्या.

खरा मौल्यवान कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा. आम्हाला त्यानेच वाचवलं. पंचनाम्यात एक साधी ओळ होती: रस्त्याच्या डाव्या कडेला इंडिकेटरच्या केशरी काचेचे तुकडे पडलेले. मामांच्या गाडीचे इंडिकेटर चारही शाबूत होते. आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने टेम्पो तपासून दिलेल्या अहवालात डावा पुढचा इंडिकेटर फुटलेला आणि बाजूला ताजा ओरखडा, असं लिहिलं होतं. कॅज्युअल्टीतल्या त्या तीन शब्दांना आमच्याकडे उत्तर होतं ते एवढंच. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरचं कुणीतरी हजर राहा. खुणा, ब्रेकचे वळ, काच, सांडलेलं ऑइल दाखवा, आणि आपल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाऊस पडला की रस्त्यावर काही उरत नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांवरही बरंच काम टाकलेलं आहे. अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमी माणसाला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना द्यायचा, आणि त्याच्याकडून उत्पन्न, उपचार, कुटुंब यांची माहिती नमुना ६ मध्ये भरून घ्यायची. हा सविस्तर अहवाल न्यायाधिकरण दावा अर्ज म्हणूनही धरू शकतं. तपासी अंमलदारांना नम्रपणे विचारा, “साहेब, नमुना सहा भरून द्यायचाय.” हा शब्द तुमच्या तोंडून निघाला, की समोरच्याची खुर्चीतली बसण्याची पद्धत बदलते, हे मी दोनदा पाहिलंय.

समोरच्या गाडीचा विमा आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कळतं: कंपनीचं नाव आणि मुदत. अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का, तेवढं बघा. मुदत आज संपलेली दिसत असेल तर घाबरू नका, महत्त्वाची तारीख अपघाताची आहे. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

विमा नसेलच, तर भरपाई मालकाच्या खिशातून वसूल करावी लागते. अशी गाडी पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडायची नाही, असा नियम आहे. म्हणून गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे तोवर हालचाल करा. चालकाकडे लायसन्स नव्हतं एवढ्यावरून मात्र निराश होऊ नका. बऱ्याच प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असे आदेश होतात.

बिलं: औषधाच्या दुकानातला पांढरा कागद

मामींनी सगळी बिलं साडीच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवली होती, रबर लावून, तारखेप्रमाणे. सव्वा वर्षाने खोकं उघडलं, तर मेडिकलच्या बिलांपैकी निम्मी कोरी. थर्मल कागदावर छापलेली अक्षरं उडून गेली होती. उन्हात धरलं तर कुठे कुठे ‘टॅब’ एवढं दिसायचं. मेडिकलवाल्याने संगणकातून काही परत काढून दिली, पण सगळी नाही.

तेव्हा असली बिलं त्याच दिवशी झेरॉक्स करा आणि मूळ बिल झेरॉक्सला टाचून ठेवा. प्रत्येक औषधाच्या बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. चिठ्ठीशिवायचं बिल कंपनीचे वकील बाजूला काढतात. रिक्षा, ॲम्ब्युलन्स, फिजिओथेरपीवाला, घरी ठेवलेली बाई, वॉकर, कमोडची खुर्ची, सगळ्याची पावती घ्या. छापील नसेल, तर साध्या कागदावर तारीख, रक्कम, सही घ्या. पैसे शक्य तितके यूपीआयने द्या, म्हणजे बँकेचं स्टेटमेंटच साक्ष देतं.

मेडिक्लेमवाले मूळ बिलं मागतात आणि न्यायाधिकरणालाही मूळच लागतात. मेडिक्लेमला देण्याआधी हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याच्या प्रती घ्या, आणि कंपनीने किती मंजूर केले त्याचं पत्र जपा. मेडिक्लेममधून खर्च मिळाला म्हणून तोच खर्च भरपाईतून वजा होईल का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की वजा करता येणार नाही. हप्ता तुम्ही भरलात, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा? महाराष्ट्रात आणि गोव्यात कुणी “मेडिक्लेम मिळालाय ना, मग उपचाराचं विसरा” म्हणालं, तर हा निकाल पुढे करा.

उत्पन्नाचा पुरावा ही दुसरी रड. नोकरदाराला पगारपत्रक आणि रजेचा दाखला पुरतो. रजा स्वतःची खर्ची पडली असली, तरी तेही नुकसानच आहे. धंदेवाल्याने मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं काढावीत. हातावर पोट असलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. तिथे दूध डेअरीची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, ठेकेदाराचं पत्र, बँकेत नियमित भरलेली रक्कम, जे असेल ते द्या. काहीच नसेल, तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल धरलं जातं. अर्जात ‘उत्पन्न: निरंक’ लिहू देऊ नका.

अर्ज: सहा महिन्यांची रेघ

१९९४ ते २०२२ या काळात अपघाताच्या दाव्याला मुदतच नव्हती. म्हणून जुनेजाणते अजून सांगतात, “कधीही टाका, काही घाई नाही.” आता घाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. कॅलेंडरवर पाचव्या महिन्याला गोल करा.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यातलं कुठलंही ठिकाण निवडता येतं. सुरतेजवळ अपघात झाला आणि घर नाशिकला असेल, तर नाशिकलाच अर्ज करा. मुंबईत नोकरी आणि घर गावी असलेल्यांनी, तारखेला नेमकं कोण जाणार आहे, याचा विचार करून ठरवावं.

अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामनेवाले करा. दोन गाड्यांच्या धडकेत तुम्ही प्रवासी असाल, तर दोन्ही गाड्यांची चूक कमी-जास्त किती, हे ठरवणं तुमचं काम नाही. पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. तरी शक्य असेल तर दोन्ही कंपन्यांना सामील करा.

सोबत लागतं ते असं: एफआयआर, पंचनामा, झालं असेल तर दोषारोपपत्र, आरटीओचा तपासणी अहवाल, समोरच्या गाडीचं आरसी-विमा-लायसन्स (पोलिसांच्या कागदांत असतं), इन्जुरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, उत्पन्न आणि वयाचा पुरावा, आधार, पॅन, बँक पासबुक. पोलिसांच्या कागदांच्या प्रमाणित प्रती मागा.

वकिलाबद्दल दोन शब्द. हॉस्पिटलच्या दारात कार्ड देणारे दलाल “मिळेल त्यातले तीस टक्के” म्हणतात. मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा फी म्हणून घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी ठरवून, टप्प्याने द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. कार्यालय त्याच न्यायालयाच्या आवारात असतं. आम्ही हे दुसऱ्या वर्षी शोधून काढलं, याचं अजून वाईट वाटतं.

चूक सिद्ध करायची नसेल तर

कलम १६४ हा एक वेगळा रस्ता आहे. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता. ‘गंभीर’ म्हणजे आयसीयूच असं नाही. कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं किंवा सांधा निखळणंही गंभीर दुखापतीत येतं.

पण इथे सापळा आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेला १६४ चा प्रस्ताव तुम्ही स्वीकारलात, तर १६६ खालचा मोठा दावा संपतो. किरकोळ फ्रॅक्चर, दोन महिन्यांत माणूस कामावर परत, तर अडीच लाख चांगलेच आहेत. पण पाय आखडला आहे, पुन्हा ऑपरेशनची शक्यता आहे, कष्टाचं काम आहे, तर सही करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: “हे आहे तसंच राहणार का?” त्यांचं उत्तर ऐकून मग ठरवा.

टक्क्यांचा खेळ

सगळ्यात जास्त पैसे इथे मिळतात किंवा जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

उपचार संपले, सुधारणा थांबली, की सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाकडून किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कायमच्या अपंगत्वाचा दाखला घ्यायचा. प्लॅस्टर असताना घेतलेल्या दाखल्याला अर्थ नाही. दाखल्यावर टक्के पायाचे आहेत की संपूर्ण शरीराचे, हे स्पष्ट हवं. आणि डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, हे आधीच बोलून ठेवा. नुसता कागद बऱ्याचदा पुरत नाही.

पण शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून सांगितलंय. डावा हात गेला, तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. शरीराचं नुकसान तेच असतं, पोटाचं वेगळं.

एक काल्पनिक हिशोब मांडते. ३४ वर्षांचा टेम्पोचालक, महिना १८,००० कमाई. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के जोडले, की ३,०२,४०० झाले. वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक वयावर ठरतो; ३१ ते ३५ वयाला ‘सरला वर्मा’ निकालातला गुणक १६. दाखल्यावर शरीराचं अपंगत्व २० टक्के आहे आणि तेवढंच धरलं, तर ९,६७,६८०. पण क्लच दाबता येत नाही, सलग दोन तास गाडी चालवता येत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आलं आणि कमाईतली घट ४० टक्के धरली गेली, तर १९,३५,३६०. दाखला तोच. फरक पडला तो डॉक्टरांना विचारलेल्या एका प्रश्नाने: “हा माणूस त्याचं काम करू शकेल का?” तुमच्या वकिलांनी तो विचारलाच पाहिजे.

याशिवाय उपचारखर्च, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, सोबतीचा खर्च, प्रवास, सकस आहार, वेदना, आयुष्यातला गमावलेला आनंद आणि पुढचे उपचार हे स्वतंत्र मुद्दे आहेत. रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असेल, तर त्याचा अंदाजखर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर आत्ताच घ्या.

गाडी पळून गेली तर

कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज अपघात झालेल्या तालुक्याच्या महसूल कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. नंतर गाडी सापडली आणि दावा मंजूर झाला, तर ही रक्कम त्यातून वळती होते. रक्कम तोकडी आहे हे खरं. म्हणून आधी आजूबाजूच्या पेट्रोलपंपाचं, ढाब्याचं, टोलनाक्याचं सीसीटीव्ही फुटेज मागा, तेही पोलिसांमार्फत आणि लवकर. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

कंपनीने नाही म्हटलं तर

मेडिक्लेम किंवा व्यक्तिगत अपघात कवचाचा दावा नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे. कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. एका वर्षाच्या आत जायचं. थर्ड पार्टीची भांडणं मात्र लोकपालांकडे जात नाहीत, ती न्यायाधिकरणातच.

न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वाद एक लाखाच्या आतला असेल तर नाही.

आणि लोकअदालत. मामांचं प्रकरण तिथेच मिटलं. उलटतपासानंतर कंपनीचे वकील स्वतःच म्हणाले, “बसूया का?” इंडिकेटरच्या काचेचं त्यांनाही कळलं होतं. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जायच्या आधी घरी बसून वरचा हिशोब मांडा आणि एक आकडा ठरवा, ज्याच्या खाली सही करायची नाही. आम्ही तो आकडा मामींच्या वहीत लिहून नेला होता. पहिला प्रस्ताव त्याच्या निम्मा आला. मामा उठायला लागले. तिसरा प्रस्ताव आकड्याच्या थोडा वर होता.

पैसे हातात येताना

रक्कम रोख मिळत नाही, बँक खात्यात येते. व्याज बहुधा अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून लवकर अर्ज करण्याचा हाही एक फायदा. रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश बऱ्याचदा होतो, विशेषतः अल्पवयीन मुलं किंवा अशिक्षित अर्जदार असेल तर. ती ठेव बँक नुसत्या सहीवर मोडत नाही.

मामांची ठेव तीन वर्षांची होती आणि रॉड काढायचं ऑपरेशन सातव्या महिन्यात आलं. त्यासाठी न्यायाधिकरणात एक पानी अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचा अंदाजखर्च आणि नवा एक्स-रे जोडला. दुसऱ्या तारखेला परवानगी मिळाली. ती प्रत घेऊन बँकेत गेलो, तर कॅशियरने मामांना विचारलं, “काय झालं पायाला?” मामा म्हणाले, “टेम्पोने धडक दिली. डाव्या बाजूने. सकाळी पावणेसहाला.”